कलाकृती जवळची, कलाकार नकोसा : अशा वेळी तुम्ही काय करता?

पानगळ

आमच्या वाचनगटात एका पुस्तकावरून चांगलीच जुंपली आहे, म्हणून इथे विचारतेय.

ॲलिस मन्रो ही कॅनडाची कथालेखिका. २०१३ चं नोबेल तिला मिळालं, मे २०२४ मध्ये ती गेली. तिच्या कथा मी कॉलेजपासून वाचत आलेय. लहान गावातल्या बाया, कुणालाच न सांगितलेल्या गोष्टी, आणि एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना मधली वीस वर्षं उलटून गेलेली.

ती गेल्यावर दोनच महिन्यांत तिच्या धाकट्या मुलीने वर्तमानपत्रात लेख लिहिला. १९७६ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, सावत्र वडिलांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केले. १९९२ मध्ये तिने आईला पत्र लिहून सगळं सांगितलं. आई थोडे दिवस नवऱ्यापासून लांब राहिली आणि परत त्याच्याकडेच गेली. २००५ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी बाहेर अवाक्षर नाही. चरित्रकाराला ठाऊक होतं, त्यानेही पुस्तकात घेतलं नाही.

आमच्या यादीत मन्रोचा कथासंग्रह आहे. दोघीजणी म्हणतात काढा. एकाचं म्हणणं, लेखन वेगळं आणि घर वेगळं. मला वाचन थांबवावंसं वाटत नाही, पण पूर्वीसारखं वाचताही येत नाही. तुम्ही अशा वेळी काय करता? फक्त मन्रोबद्दल नाही, एकूणच.

रात्रवाचक

रुमाल टाकून ठेवतेय. विषय डोक्यात आहे कधीचा.

जुनंखोड

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, हे आपल्याकडे उगाच म्हटलेलं नाही.

कथा छापून आली की ती लेखकाच्या हातातून सुटते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९६७ मध्येच लेखक मेला असं जाहीर केलंय. इटालियन चित्रकार कॅराव्हाजियोने १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाला ठार मारलं आणि पळून गेला. जेझुआल्डो हा इटलीतला संगीतकार. त्याने १५९० मध्ये बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारून टाकलं, सरदार घराण्यातला म्हणून त्याला शिक्षाही झाली नाही. त्याच्या रचना आजही गातात, आणि त्यातले स्वरबदल ऐकून जाणकार आजही चकित होतात. प्रत्येकाचा चारित्र्याचा दाखला मागत बसलात तर संग्रहालयांच्या भिंती ओस पडतील आणि आपल्या हाती उरेल ती सज्जन माणसांनी काढलेली सुमार चित्रं.

पुस्तक यादीत राहू द्या.

विंगेतून

काका, चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला माफ करायला आपल्याला काहीच मोजावं लागत नाही. जेझुआल्डोच्या बायकोची बाजू मांडायला कोणी उरलेलं नाही. मन्रोची मुलगी आज हयात आहे.

मंद्रसप्तक

जुनंखोड, कॅराव्हाजियोचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्याचं एक शेवटच्या काळातलं चित्र रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. बायबलमधला तरणा डेव्हिड, हातात केसांना धरून लटकवलेलं, त्याने मारलेल्या गोलायथचं मुंडकं. त्या मुंडक्याचा चेहरा चित्रकाराचा स्वतःचा आहे. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा अजून जिवंत असल्यासारखा. आणि डेव्हिडच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नाही, त्याला त्या मुंडक्याची कीव येतेय. हे चित्र काढलं तेव्हा खुनाच्या आरोपावरून चित्रकाराच्या डोक्यावर इनाम होतं. ही माहिती बाजूला ठेवून ते चित्र पाहायचं म्हणजे निम्मं चित्र झाकून पाहायचं.

जुनंखोड

मंद्रसप्तक, मुद्दा घेतला. पण तिथे माहितीने चित्र मोठं होतं. मन्रोच्या बाबतीत लोक माहिती मिळाल्यावर पुस्तक बाहेर फेकायला निघालेत. माझा विरोध त्याला आहे.

वळणदार

मी अक्षररचना करतो, पोटापाण्याचा धंदाच तो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज पडद्यावर असतो.

एरिक गिल. ब्रिटिश शिल्पकार आणि अक्षरकार. गिल सॅन्स हा त्याचा टंक (फाँट) १९२८ मध्ये आला. तुम्ही नाव ऐकलं नसेल, अक्षरं मात्र नक्की पाहिली असतील. ब्रिटनची रेल्वे, पेंग्विनची जुनी मुखपृष्ठं, बीबीसीचं जुनं बोधचिन्ह. त्यातला रोमन लहान जी पाहा, चष्मा उभा करून ठेवल्यासारखा. आर चा पाय खाली येताना किंचित लांब पसरतो, आणि त्या एका पायामुळे अख्ख्या ओळीला ऐट येते. भौमितिक टंक त्याच्यासमोर पट्टीने आखल्यासारखे कोरडे वाटतात. इतक्या साध्या रेघेत इतकी ऊब आणणं फार थोड्यांना जमलंय.

१९८९ मध्ये त्याचं नवं चरित्र आलं. गिलच्या स्वतःच्या डायऱ्या त्यात वापरल्या होत्या. स्वतःच्या दोन मुलींवर त्याने लैंगिक अत्याचार केले होते आणि ते नोंदवून ठेवले होते. तोपर्यंत तो धार्मिक, आश्रमासारख्या समूहात राहणारा, कष्टाने घडवलेल्या वस्तूंचा पुरस्कर्ता म्हणून पूजला जात होता.

आता यातला फरक बघा. गिल सॅन्सच्या आर मध्ये तो माणूस मला कुठे दिसत नाही. अक्षर हे वापरणाऱ्याचं होतं, त्यातून रेल्वेचं वेळापत्रकही छापता येतं आणि त्याच्यावरचं आरोपपत्रही. पण त्याने आपल्या मुलीचं आंघोळ करतानाचं लाकडी ठशातलं चित्र केलंय, १९२३ चं. रेषा अप्रतिम आहे. ती रेषा अप्रतिम आहे असं म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण तिथे पाहणारी नजर कोणाची आहे हे मला आता माहीत आहे. एकाच माणसाची दोन कामं. एक मी वापरू शकतो, दुसरं भिंतीवर लावू शकत नाही.

आणि मुलांसाठी काम करणारी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था कित्येक वर्षं गिल सॅन्स वापरत होती. २०२२ मध्ये त्यांनी तो सोडायचं ठरवलं. बरोबरच केलं. टंकात दोष नसला तरी त्या संस्थेच्या कागदावर ते अक्षर शोभत नाही.

रात्रवाचक

वळणदार, फार छान लिहिलंत. म्हणजे ‘हा कलाकार चालेल का’ असं विचारण्याऐवजी ‘ही कलाकृती, इथे, या लोकांसमोर’ असं विचारायचं.

वळणदार

हो. माझ्यापुरतं तरी एवढंच उत्तर सापडलंय.

साक्षीपुरावा

सगळ्यांनी सिद्ध झालेली किंवा स्वतः नोंदवलेली उदाहरणं दिली आहेत, ते सोपं आहे. जिथे सिद्ध झालेलं नाही तिथे काय? मायकल जॅक्सन २००५ मध्ये सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला. २००९ मध्ये गेला. २०१९ मध्ये दोन पुरुषांनी माहितीपटात लहानपणीच्या अत्याचाराबद्दल सांगितलं आणि काही देशांतल्या रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी वाजवणं बंद केलं. मी कोर्टात काम करतो. निर्दोष सुटणं म्हणजे काय आणि काय नाही हे मला ठाऊक आहे. तरीही ज्याला उत्तर देता येत नाही अशा मेलेल्या माणसाविरुद्ध निकाल देताना माझा हात थांबतो.

विंगेतून

साक्षीपुरावा, शिक्षा देण्यासाठी पुरावा हवा, मान्य. पण मी एखादं गाणं ऐकायचं की नाही यासाठी न्यायालयाचा निकाल कशाला लागतो? मी कोणाला तुरुंगात पाठवत नाहीये. माझ्या कानांना काय सोसतं एवढंच ठरवतेय.

साक्षीपुरावा

तुमच्यापुरतं ठरवा, त्यावर वाद नाही. रेडिओ केंद्राने ठरवलं की ते तुमच्या एकटीपुरतं राहत नाही.

विरामचिन्ह

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. कोणावर अत्याचार करणं वेगळं आणि घाणेरडी मतं बाळगणं वेगळं.

मतांसाठी लेखकाला वाळीत टाकायचं म्हटलं तर उद्या कोणीच वाचायला उरणार नाही, कारण प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीची मतं घाणेरडी वाटतात. अमेरिकन कवी एझ्रा पाउंडचं घ्या. महायुद्धात इटलीतून मुसोलिनीच्या बाजूने, ज्यूंच्या विरोधात रेडिओवर भाषणं केली. अमेरिकेत देशद्रोहाचा आरोप, मग खटला चालवण्याइतकं मानसिक स्वास्थ्य नाही म्हणून रुग्णालयात. तिथे असतानाच १९४९ मध्ये त्याच्या कवितांना बॉलिंजन पारितोषिक मिळालं. केवढा गदारोळ झाला! परीक्षकांची बाजू अशी, की कवितेचं मूल्य सोडून दुसरं काही मोजायला लागलो तर पारितोषिकाला अर्थ राहणार नाही. मला ती बाजू आजही धाडसाची वाटते.

मंद्रसप्तक

विरामचिन्ह, मतं हवेत राहत नाहीत. जर्मन संगीतकार वाग्नर ऐकणाऱ्या माणसाला हे टाळताच येत नाही.

१८५० मध्ये त्याने टोपणनावाने ज्यूंच्या संगीताविरुद्ध विखारी लेख लिहिला. १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला, म्हणजे रागाच्या भरात लिहून गेला असंही म्हणता येत नाही. आणि १८८२ मध्ये त्याच्या शेवटच्या ऑपेराचा पहिला प्रयोग कोणी संचालित केला? हेरमान लेव्ही याने, एका रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या मुलाने. लेव्हीने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून वाग्नर त्याच्या मागे लागला होता. लेव्हीने तो घेतला नाही आणि संचालनही सोडलं नाही. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी अनेकदा केलाय.

वाग्नर १८८३ मध्ये गेला. पुढे हिटलरने त्याला डोक्यावर घेतलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली, त्यानंतर पॅलेस्टाइनमधल्या वाद्यवृंदाने, म्हणजे आजच्या इस्रायल फिलहार्मोनिकने, वाग्नर वाजवणं थांबवलं. कायदा नव्हता, आजही नाही. १९८१ मध्ये झुबिन मेहतांनी तेल अवीवमध्ये प्रयत्न केला, ज्यांना नको त्यांनी खुशाल बाहेर जावं असं सांगून. सभागृहात रणकंदन झालं. २००१ मध्ये जेरुसलेममध्ये संगीतसंचालक डॅनियल बारेनबोईमने ठरलेला कार्यक्रम वाग्नरविना पूर्ण केला, मग श्रोत्यांकडे वळून विचारलं की ऐकायचं का. बराच वेळ वादावादी झाली. काहीजण ओरडत, दारं आपटत निघून गेले. बहुतेक लोक थांबले आणि वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेराची सुरुवात वाजली.

त्या सुरुवातीचा पहिला स्वरमेळ सुटत नाही. ताण तयार होतो आणि तसाच पुढे सरकतो, पुन्हा ताण, पुन्हा पुढे. तो कुठेच विसावत नाही म्हणून दीडशे वर्षं लोक त्यावर लिहितायत. मी ते संगीत सोडू शकत नाही. पण नाझी छावणीतून वाचलेल्या माणसाला ‘कला वेगळी असते’ असं सांगायचा अधिकार मला नाही. बारेनबोईमचं मला पटतं ते एवढ्यासाठी, की त्याने वाजवण्याआधी विचारलं, आणि जाणाऱ्यांना जाऊ दिलं.

विरामचिन्ह

लेव्हीची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. तरी मी म्हणेन की ‘ट्रिस्टान’च्या त्या स्वरमेळात ज्यूद्वेष नाही.

मंद्रसप्तक

त्या स्वरमेळात नाही. इतर ऑपेरांतल्या काही पात्रांच्या चित्रणात तो आहे की नाही यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे.

दोनपिल्लं

जरा घरगुती प्रश्न. रोआल्ड डालचं काय करायचं? माझ्या मुलांना त्याची पुस्तकं तोंडपाठ आहेत. १९८३ मध्ये त्याने मुलाखतीत ज्यूंबद्दल अत्यंत वाईट बोलून ठेवलंय, २०२० मध्ये त्याच्या कुटुंबाने माफी मागितली. मग २०२३ मध्ये प्रकाशकांनी पुस्तकांतले शब्दच बदलले. मला ते शब्द बदलणं सगळ्यात खटकलं. लेखक होता तसा दिसू दे ना मुलांना. मोठी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला सांगितलं. ती म्हणाली, म्हणून त्याच्या गोष्टीतली मोठी माणसं इतकी दुष्ट असतात का?

रात्रवाचक

दोनपिल्लं, मुलीला इथे खातं उघडून द्या :)

जुनंखोड

दोनपिल्लं यांच्याशी शंभर टक्के सहमत. शब्द बदलणं ही सर्वात वाईट वाट. त्यात वाचकालाही फसवलं जातं.

आणि एक राहिलंच. ‘तो काळच तसा होता’ हे आपण विसरतोय. जुन्या माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजू नये.

ओळ_अधुरी

काका, त्या काळात वेगळं वागणारी माणसंही होतीच की. ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्या प्रकरणात फ्रान्स दुभंगला. १८९८ मध्ये कादंबरीकार झोलाने ड्रायफसच्या बाजूने ते प्रसिद्ध खुलं पत्र लिहिलं. चित्रकार देगा कट्टर ड्रायफसविरोधी झाला, जुन्या ज्यू मित्रांच्या घरी जाणं तोडलं. त्याच वेळी, त्याच शहरात, त्याच चित्रकारांच्या घोळक्यातला मोने झोलाच्या बाजूने उभा राहिला. पिसारो तर स्वतः ज्यू, देगाचा वर्षानुवर्षांचा सोबती. काळ दोघांचा एकच होता.

ओळ_अधुरी

आता मूळ विषयावर. आपण सगळे युरोपात फिरतोय, पण मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे तो बायकांच्या आत्मचरित्रांनी विचारला.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला आणि मराठी कवितेची भाषा बदलली. तोवर कवितेत ज्यांना पाऊल ठेवायला जागा नव्हती ते शब्द आणि ती माणसं थेट आत आली. १९८४ मध्ये मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. त्या कवीच्या बायकोने, जी स्वतः कवयित्री आहे, त्या घरातली मारहाण, आजार, एकटेपण लिहून काढलं, आणि तेही स्वतःला कुठेही बिचारी न ठरवता. पु. ल. देशपांड्यांसारख्या सगळ्यांच्या लाडक्या माणसाबद्दल सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये लिहिलं. तिथे गुन्हा नाही, अत्याचार नाही, पण कर्त्या नवऱ्याच्या मोठेपणाखाली बाईचं काय काय जातं त्याचा हिशेब आहे. त्यावरही किती लोक चिडले होते!

माझ्या शेल्फात ‘गोलपिठा’ आणि मलिकाबाईंचं पुस्तक शेजारी शेजारी आहेत. दुसरं वाचल्यावर पहिल्याची ताकद कमी झाली नाही. पण शोषणाविरुद्ध बोलणारा कवी म्हणून मी मनात जी एकसंध मूर्ती केली होती ती राहिली नाही. ती जाणं मला आवश्यक वाटतं.

तळटीप

ओळ_अधुरी, उदाहरण खरं आहे, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. दलित कवीचं घर उघडं पडलं की तो त्याच्या सगळ्या चळवळीवरचा ठपका होतो. ‘बघा, हेच ते क्रांती करणारे.’ मी स्वतः हे ऐकत मोठा झालोय. उच्चवर्णीय लेखकांच्या घरात सगळं आलबेल होतं असं कोणी समजत नाही, पण त्यांच्याबद्दल ‘स्वभावाने जरा तापट’ एवढ्यावर भागतं. कोणाचं वागणं बाहेर येतं आणि कोणाचं ‘विक्षिप्तपणा’ म्हणून खपतं, हेही या धाग्यात यायला हवं.

ओळ_अधुरी

यायलाच हवं. माझ्या प्रतिसादात ते नव्हतं, तुम्ही जोडलंत ते बरं झालं. मात्र त्यावर उपाय म्हणून मलिकाबाईंनी गप्प बसायला हवं होतं असं कोणी म्हटलं तर मी भांडेन.

तळटीप

त्यांनी गप्प बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं वाचणाऱ्यांबद्दल आहे. त्यांचं पुस्तक लोकांनी त्यांच्यासाठी वाचावं, चळवळीला झोडपायला काठी मिळाली म्हणून नको.

विंगेतून

सुरुवातीपासून लिहू की नको असं चाललंय. लिहूनच टाकते.

मी नाटकात पडद्यामागे काम करते. प्रकाशयोजना. उमेदवारीच्या काळात एका दिग्दर्शकाकडे होते. नाव सांगणार नाही. माणूस कामात विलक्षण होता. रंगमंचावर अंधार किती वेळ ठेवायचा हे मी त्याच्याकडून शिकले. प्रेक्षक अस्वस्थ होऊन खुर्चीत हलायला लागले की अजून दोन श्वास थांबायचं आणि मग एकच दिवा. आजही तसंच करते, आणि हे त्याचंच आहे हे करताना मला माहीत असतं.

तालमीनंतर तो मुलींना थांबवून घ्यायचा. पात्र समजावून सांगायला. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोललं की वरिष्ठ म्हणायचे, अगं, प्रतिभावान माणसं अशीच असतात. माझ्याबरोबरच्या दोघी नाटक सोडून गेल्या. त्यातली एक माझ्यापेक्षा कितीतरी पुढची होती. तिने एका एकांकिकेची संहिता लिहायला घेतली होती, पहिला प्रवेश आम्हाला वाचून दाखवला होता. पुढचा लिहिला गेलाच नाही.

म्हणून ‘कलाकृती की कलाकार’ असं कोणी विचारलं की मला त्या न लिहिलेल्या प्रवेशाची आठवण येते. तराजूच्या एका पारड्यात आपण त्याची नाटकं ठेवतो, ती दिसतात. दुसऱ्या पारड्यात जे असायला हवं होतं ते घडलंच नाही, म्हणून ते कायम रिकामं दिसतं. जुनंखोडकाका, तुम्ही म्हणालात की सज्जनांची सुमार चित्रं उरतील. कशावरून? या लोकांमुळे कोण कोण निघून गेलं याची नोंदच नाही आपल्याकडे.

आणि कधीकधी तर इजा थेट पडद्यावरच असते. दिग्दर्शक बर्टोलुचीचा १९७२ चा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ हा चित्रपट. मारिया श्नायडर तेव्हा जेमतेम विशीची, मार्लन ब्रँडो अठ्ठेचाळीसचा. बलात्काराच्या त्या प्रसंगात लोणी वापरायचं हे दोघा पुरुषांनी आपापसात ठरवलं, तिला आधी सांगितलं नाही. तिला अभिनय न करता मुलीसारखी प्रतिक्रिया द्यायला लावायची होती, असं बर्टोलुचीने २०१३ मध्ये स्वतः सांगितलं. ती तोवर गेलेली होती. २००७ मध्ये तिने सांगून ठेवलं होतं की चित्रीकरणात तिचे अश्रू खरे होते. आता त्या दृश्यातून कलाकृती वेगळी काढून दाखवा. ते अश्रूच कलाकृती आहेत.

पानगळ

विंगेतून, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

वळणदार

+१. ते रिकामं पारडं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

जुनंखोड

विंगेतून, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. प्रतिभावान माणसं अशीच असतात हे वाक्य मीही आयुष्यभर ऐकत आलोय, आणि ते खोटं आहे असं माझं ठाम मत आहे. प्रतिभेला दुसऱ्याचा बळी लागत नाही. मी कलाकृतीला माफी द्या म्हणतो, माणसाला नाही. तालमीतच कोणी थांबवलं असतं तर नाटकंही झाली असती आणि तुमच्या मैत्रिणीची एकांकिकाही.

साक्षीपुरावा

हयात आणि दोषी असलेल्यांबाबत सत्काराचा मुद्दा राहून जातोय. चित्रपट दिग्दर्शक पोलान्स्कीने १९७७ मध्ये अमेरिकेत अल्पवयीन मुलीसंबंधीचा गुन्हा कबूल केला, १९७८ मध्ये शिक्षेआधी देश सोडून पळाला. २००३ मध्ये त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर. २०२० मध्ये फ्रान्सचं सेझार हे चित्रपट पारितोषिक, तेव्हा अभिनेत्री आदेल एनेल सभागृहातून उठून निघून गेली. चित्रपट पाहणं एक आणि माणसाला व्यासपीठावर बोलावून टाळ्या देणं दुसरं. पहिल्याला माझी ना नाही. दुसरं म्हणजे पळालेल्या आरोपीचा सत्कार, त्याला मी पूर्ण विरोधात आहे.

विरामचिन्ह

हामसूनचा दाखला इथे बसतो. नॉर्वेचा क्नूट हामसून, १९२० चं नोबेल. १९४३ मध्ये त्याने ते पदक गोबेल्सला देऊन टाकलं, मे १९४५ मध्ये हिटलरवर मृत्युलेख लिहिला. युद्धानंतर सरकारने खटला भरला, जबर दंड केला, पण पुस्तकांवर बंदी नाही घातली. तज्ज्ञांनी त्याची मानसिक शक्ती कायमची क्षीण झाल्याचा अहवाल दिला. त्यावर १९४९ मध्ये, नव्वदीला टेकलेला असताना, त्याने असं एक पुस्तक लिहिलं की अहवाल कोणी मानेना. देशाने माणसाला जाब विचारला आणि ‘भूक’ ही कादंबरी वाचत राहिला. माझ्या मते हाच मार्ग.

रात्रवाचक

इतकं सगळं झालं, पण मन्रो मागेच राहिली. मी ‘व्हँडल्स’ ही तिची कथा पुन्हा वाचली. १९९४ च्या संग्रहात आहे, म्हणजे मुलीच्या पत्रानंतरची.

बी नावाची बाई लॅडनर नावाच्या माणसाबरोबर राहते. शेजारची दोन आईवेगळी भावंडं तिथे खेळायला येतात. तो त्या मुलांशी काय करतो हे लेखिका जवळजवळ सांगत नाही, आणि तरी आपल्याला कळतं. त्यातली मुलगी, लायझा, बीकडे आशेने पाहते, ही बाई आपल्याला वाचवेल म्हणून. बी वाचवत नाही. तिला कळलं होतं की नाही हेही कथा सांगत नाही. मोठी झाल्यावर बी तिला आपल्या बंद घरावर नजर टाकून ये म्हणून सांगते, आणि लायझा जाऊन ते घर उद्ध्वस्त करते. मग बीला फोन करून सांगते, कोणीतरी घर फोडलंय.

पूर्वी वाचली तेव्हा मला ही कथा लायझाची वाटली होती. आता ती बीची वाटते. लिहिणारीला सगळं कळत होतं. कागदावर तिने बीला सोडलं नाही, घरी मात्र ती बीच राहिली. लेखिका आणि लेखन वेगळं ठेवा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ही कथा तशी वाचली तर अर्धीच कळते. आणि काढून टाका म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

विंगेतून

रात्रवाचक, अंगावर काटा आला. पण ही कथा लिहिली म्हणून मन्रोची बाजू उजळ होते असं कृपा करून कोणी म्हणू नका. लायझाला कथा मिळाली, मुलीला आई मिळाली नाही.

रात्रवाचक

अजिबात उजळ होत नाही. उलट अज्ञानाची सबब तेवढी जाते.

पानगळ

सगळ्यांचे आभार. काल गटाची बैठक झाली. इथले प्रतिसाद वाचून दाखवले (विंगेतून यांचा व्यक्तिगत भाग सोडून). पुस्तक ठेवायचं ठरलं, सोबत मुलीचा लेखही. एक मैत्रीण म्हणाली, मी या पुस्तकाला येणार नाही, कारण विचारू नका. कोणी विचारलं नाही.

विंगेतून

पानगळ, एक विनंती. मुलीचा लेख आईच्या पुस्तकाला जोडलेली पुरवणी करू नका. आधी तो एकटा वाचा, त्यावर स्वतंत्र बैठक घ्या. पुस्तकं जाळा असं तिने कुठे म्हटलेलं नाही. आपल्या आईबद्दल लोक ज्या गोष्टी सांगतात त्यांत माझीही गोष्ट असावी, एवढंच तिचं मागणं आहे.

जुनंखोड

हे मला पूर्ण मान्य आहे. दोनशे वर्षांनी फक्त कथाच उरतील असं मला अजूनही वाटतं, पण आज आपण दोनशे वर्षांनंतर जगत नाही.

पानगळ

कळवते गटाला. आधी लेख, त्याची वेगळी बैठक. ‘व्हँडल्स’ पुढच्या महिन्यात, आणि येणार नाही म्हणालेल्या मैत्रिणीला लेखाच्या बैठकीचं वेगळं विचारते, तिला यावंसं वाटलं तर.